कथ्थई चौकट

धाकट्या भावाच्या निकाहची तारीख पक्की झाली आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरात रंगाचा वाद सुरू झाला. मलकापूरचं आमचं घर जुन्या घराच्या जागेवर बांधलेलं: पुढे बैठक, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मधून एक अरुंद पॅसेज. भावाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक दिवाणखाना होता, चारही भिंती गडद कॉफीच्या रंगाच्या, कोपऱ्यात पितळी दिवा, पांढरा सोफा. "बस, ऐसाच करना अपने घर को," तो म्हणाला. अम्मींनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "अंधेरे में नई दुल्हन को बिठाना है क्या?"

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे रंगाचा तंटा झाला की निवाड्यासाठी मला बुलढाण्याहून बोलावणं येतं. राजूर घाट उतरून मी आले तेव्हा दोन्ही पक्ष तयारीत होते आणि अब्बा नेहमीप्रमाणे खुर्चीत गप्प बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. ते पुढे सांगते.

भावाला हा रंग सुचला तो हवेतून नाही. अमेरिकेतली पँटोन नावाची कंपनी दरवर्षी डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२५ साठी तिने 'मोका मूस' नावाचा कथ्थई रंग निवडला. तेव्हापासून कपडे, सोफे, फोनची कव्हरं, भिंती, सगळीकडे कॉफी-चॉकलेट दिसू लागलं. लोक सांगतात की नवा रंग आला. नवा कसला? आपल्या आजी-आजोबांची घरं याच रंगात होती.

या रंगाची एक गंमत आहे. त्याला आपल्या भाषेत स्वतःचं असं नाव फारसं नाही, बहुतेक सगळी नावं उसनी. तपकिरी म्हणजे तपकिरीचा रंग, जी जुनी माणसं नाकात ओढायची. कथ्थई म्हणजे कातेचा, खैराच्या लाकडापासून निघणाऱ्या आणि पानात पडणाऱ्या कातेचा. बदामी, चॉकलेटी, कॉफी, विटकरी, मातकट. आणि 'खाक' म्हणजे धूळ, माती, त्यावरून आलेला खाकी. ज्या वस्तूचा तो रंग, तीच त्याची ओळख.

दुसरी गंमत मी मुलांना वर्गात दाखवते. इंद्रधनुष्यात हा रंग शोधून सापडत नाही, कारण तपकिरी म्हणजे मुळात अंधारलेला नारिंगी. आजूबाजूला त्याहून उजळ काही असेल तेव्हाच डोळा त्याला तपकिरी म्हणतो. काळ्या कागदाची नळी करा आणि उन्हात ठेवलेल्या तपकिरी कार्डाकडे तिच्यातून असं पाहा की बाजूचं काहीच दिसणार नाही. तेच कार्ड नारिंगीकडे झुकलेलं दिसतं. मुलं "मॅडम, रंग बदलला" म्हणून ओरडतात. रंग बदललेला नसतो, शेजार गेलेला असतो. घरात हा रंग लावताना निम्म्या चुका याच एका गोष्टीच्या विस्मरणातून होतात. चारही भिंती कथ्थई केल्या तर त्याला कथ्थई दाखवणारं शेजारी काही उरत नाही, आणि खोली नुसती काळवंडते. फोनवरच्या त्या फोटोत पांढरा सोफा होता, मोठी खिडकी होती आणि फोटो काढणाऱ्याचे दिवे होते. आमच्या बैठकीत एक खिडकी आहे, आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांची भिंत.

जुन्या लोकांना हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. दादांचं, म्हणजे अब्बांच्या वडिलांचं, घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या कड्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. दारं, चौकटी, खांब सागवानी. वर्षातून एकदा त्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं जायचं. जवस आपल्या विदर्भातलंच पीक, आणि त्याचं तेल हवेत हळूहळू सुकून लाकडावर धरून बसतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. तेल आणि चुलीचा धूर मिळून लाकूड असं गर्द होत जायचं की पन्नास वर्षांनी तो रंग कोणत्याही डब्यात मिळणार नाही. भिंतींना मात्र चुना किंवा पांढरी माती. आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत गेरूचा किंवा कावेचा पट्टा.

तो पट्टा शोभेचा असेल असं मला लहानपणी वाटायचं. पण बघा, घरात सगळे जमिनीवर बसणारे. पाठ टेकते ती तिथे, पोरांचे हात-पाय लागतात ते तिथे, झाडू घासतो आणि पावसाचे शिंतोडे उडतात ते तिथेच. मळखाऊ रंग खाली, उजेड फेकणारा वर. गडद लाकडाला शेजारी पांढरा, म्हणून लाकूड उठून दिसायचं आणि खोली अंधारी व्हायची नाही. फोनमधल्या फोटोहून ही योजना कितीतरी शहाणपणाची होती.

गेरू काय आणि काव काय, मुळात लोखंडाचा अंश असलेली मातीच. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जाऊन ती लाल होते. लोखंडाबरोबर मँगनीजही असेल तर रंग गडद तपकिरी होतो. ही अगदी जुनी विद्या आहे. आपल्या जिल्ह्याला अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेने घाटावर आणि घाटाखाली असं विभागलंय, त्याच रांगेतल्या अजिंठा लेण्यांत चित्रकारांनी तांबडे, पिवळे, तपकिरी रंग मातीपासूनच केले. ते लावले तेही मातीच्या गिलाव्यावर, ज्यात भुसा आणि काड्या मिसळल्या होत्या, वर चुन्याचा पातळ हात. आपल्या दादी भिंत लिंपायच्या ती रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती.

आजच्या डब्यातल्या कथ्थई रंगातही बहुतेक वेळा लोखंडाचीच संयुगं असतात, फक्त ती कारखान्यात बनवलेली. त्यांचा मोठा गुण असा की उन्हाने ती विटत नाहीत आणि चुना-सिमेंटच्या खारेपणाने मरत नाहीत. गुलाबी, जांभळा भिंतीवर चार-पाच वर्षांत फिका पडेल, मातीच्या जातीचा कथ्थई टिकतो. या मुद्द्यावर मी भावाच्या बाजूने होते.

शेवटी तह झाला तो असा: बैठकीची एकच भिंत कथ्थई, बाकीच्या तीन दुधाळ पांढऱ्या, ज्यात पिवळसर झाक असेल असा पांढरा. निळसर पांढरा कथ्थईशेजारी आजारी दिसतो. घराचं बाहेरचं तोंडही कॉफी करायची भावाची इच्छा होती, तिथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. आतल्या भिंतीचा रंग गडद केला म्हणून खोली तापत नाही, कारण तिथे ऊन पडत नाही. बाहेरच्या भिंतीचं तसं नाही. आमचं तोंड पश्चिमेला आहे, आणि घाटाखालचा मे महिना काय असतो हे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावच्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. गडद भिंत ते ऊन पिऊन घेते आणि रात्री आत सोडत बसते. बुलढाणा-चिखलीच्या थंड हवेत हे एक वेळ चालून जाईल, इकडे नाही.

आता कोणती भिंत? बहुतेक लोक खिडकीची भिंत गडद करतात, कारण तिथे पडदे शोभतात. तसं करू नये. खिडकीतून येणारा उजेड डोळ्यावर येतो आणि तिच्या बाजूची गडद भिंत अजूनच काळी पडते. खिडकीसमोरची भिंत निवडावी. तिच्यावर उजेड पडतो, तेव्हा रंगातली ऊब दिसते.

शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून हा रंग कधीच ठरवू नका. लहान डब्यातून नमुना घेऊन दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा रंगवा आणि तो सकाळी, दुपारी, मगरिबनंतर त्या भिंतीशी धरून बघा. आम्ही धरला तेव्हा रात्री ट्यूबलाईटखाली तो चक्क राखेसारखा दिसला. भावाचा चेहरा पडला. दोष रंगाचा नव्हता. आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड निळसर असतो, डब्यावर ६५०० के असं छापलेलं असतं, आणि त्या उजेडात लाल-नारिंगी भाग कमीच. ३००० के लिहिलेला पिवळसर दिवा लावला आणि तोच पुठ्ठा चॉकलेटसारखा उजळला. म्हणजे कथ्थई भिंत घेतली तर दिवाही बदलायचा खर्च धरायचा.

हिशेब सोपा आहे. बारा फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. पुट्टी-प्रायमर केलेल्या भिंतीवर साधारण एक लिटर इमल्शन दोन हातांना पुरतं. पण गडद रंगाला पुष्कळदा तिसरा हात लागतो, कारण तो ज्या बेसमध्ये कालवतात त्यात झाकणारा पांढरा भाग कमी असतो. तेव्हा दीड लिटर धरा, आणि सगळा रंग एकाच वेळी कालवून घ्या. मागाहून आणलेला अर्धा लिटर तंतोतंत जुळेलच असं नाही. चकाकणारा घेऊ नका, पुट्टीचा प्रत्येक उंचसखलपणा त्यात आरशासारखा दिसतो. अगदी मंद घेतला तर पोरांच्या हातांचे ठसे उठतात. मधला, ज्याला दुकानदार सॅटिन म्हणतात, तो बरा.

मागच्या खोलीतली अम्मींची नमाजची जागा पांढरीच राहिली. भावाला तिथे कथ्थईवर सोनेरी नक्षी छापायची होती. अम्मींनी हजरत आयेशा (र.अ.) यांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याची हदीस त्याला आठवून दिली, की नमाजमध्ये ती चित्रं समोर येत राहतात म्हणून हुजूर (स.अ.व.) यांनी तो पडदा काढायला सांगितला होता. विषय तिथेच संपला.

लग्न थंडीत झालं. भिंत सुंदर दिसली. पाहुण्या बायकांनी हात लावून पाहिली, दोघींनी तर शेडचा नंबर लिहून घेतला. मग एप्रिल आला आणि कूलर लागला.

कूलर त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला होता. रंग लावण्यापूर्वी मी पेंटरला विचारलं होतं, की इथे दरवर्षी ओल येते, काही करायला हवं का? "काही होत नाही ताई, वॉटरप्रूफ प्रायमर मारतो." मे संपेपर्यंत भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर पांढरी फुलं उमलली. लोणा. पांढऱ्या भिंतीवर तो असतोच, पण दिसत नाही. कथ्थईवर तो असा दिसतो जणू कुणी मीठ फेकून मारलंय. ओलीबरोबर विटा-सिमेंटमधले क्षार वर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर बसतात. वरून कितीही हात मारा, आतली ओल थांबल्याशिवाय तो थांबत नाही. चूक पेंटरची जितकी, तितकीच माझी. मला माहीत होतं आणि मी घाई केली. ज्या भिंतीला नळ, न्हाणी किंवा कूलर लागून आहे तिथे गडद रंग लावायचा असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा, भिंत एक उन्हाळा सुकू द्या.

आता अब्बांचं.

अब्बांना काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची असते. नवं घर बांधलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हौसेने ते उजळ केलं: भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, फरशी दुधी, स्विचचे बोर्डही पांढरे. आम्हाला ते स्वच्छ आणि मोठं वाटायचं. लग्नाआधी दोन महिने एका पहाटे फजरच्या वुजूसाठी निघालेले अब्बा पॅसेजमध्ये पडले. हात मोडला नाही, पण कपाळावर खोक पडली. आम्ही म्हटलं, दिवा लावत जा. ते हो म्हणाले. दिवा त्यांनी लावलेलाच होता.

हे मला कळलं ते रंगकाम सुरू झाल्यावर. बैठकीची ती एक भिंत रंगवून झाली होती आणि तिच्यात पॅसेजचं पांढरं दार होतं. अब्बा खुर्चीतून उठले आणि सरळ दाराकडे गेले. हात पुढे करून चाचपडले नाहीत. मी बघत राहिले. विचारलं, "अब्बा, दार दिसतंय?" ते म्हणाले, "आज दिसतंय. बाकीच्या घरात मला भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं तेच कळत नाही."

दीड वर्ष ते त्या घरात भिंती मोजत चालत होते, आणि आम्ही समजत होतो की वयामुळे हळू झालेत.

काचबिंदूत अक्षर वाचण्याची ताकद पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते, पण एक फिका रंग दुसऱ्या फिक्या रंगापासून वेगळा काढण्याची शक्ती कमी होते. मोतीबिंदूतही तसंच धूसर होतं, फक्त तो ऑपरेशनने जातो. रंग किती उजेड परत फेकतो याचा एक आकडा असतो, काही कंपन्या तो शेड कार्डावर छापतात. चांगल्या पांढऱ्याचा ८० च्या पुढे, गडद कथ्थईचा दहाच्या आसपास किंवा त्याहून खाली. ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तींना इमारतीत वावरता यावं म्हणून बीएस ८३०० नावाचं मानक आहे. भिंतीचा आकडा आणि तिच्यालगतच्या दार-चौकटीचा आकडा यांत निदान ३० चा फरक असावा असं त्यात सुचवलंय. आमच्या घरात तो फरक जवळजवळ शून्य होता. दादांच्या धाब्याच्या घरात, पांढऱ्या भिंतीत गर्द सागवानी चौकट होती तिथे, तो आपोआप होता.

मग भावाने, ज्याला फक्त फोटोसारखी बैठक हवी होती, पेंटरला थांबवलं आणि उरलेल्या कामाचा नकाशाच बदलला. पॅसेजच्या, न्हाणीच्या, अब्बांच्या खोलीच्या सगळ्या चौकटी त्याच कथ्थई शेडच्या ऑइलपेंटने केल्या. पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना जमिनीपासून तीन फुटांपर्यंत कथ्थई पट्टा आला, म्हणजे दादांचा गेरूच परत आला म्हणा. स्विचबोर्डांभोवती हातभर चौकोन. न्हाणीची पायरी दुधी फरशीतच मिसळून जायची, तिच्या काठाला दोन इंचांची कथ्थई पट्टी. एक गोष्ट उलटी करावी लागली. अम्मींनी दारात गडद तपकिरी पायपुसणं टाकलं होतं, अब्बा ते ओलांडून टांग टाकायचे. त्यांना तो खड्डा वाटायचा. ते काढून फरशीच्याच रंगाचं, मागून रबर असलेलं आणलं.

चौकटींवर काम करताना एक सावधगिरी घेतली, ती प्रत्येक घराने घ्यावी. त्या चौकटी आम्ही जुन्या घरातून काढून वापरलेल्या, त्यांच्यावर कित्येक वर्षांच्या ऑइलपेंटचे थर होते. आपल्या देशात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. पेंटर कोरडा पॉलिश पेपर घासतो तेव्हा ती धूळ घरभर उडते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर व पोटातल्या बाळावर शिशाचा परिणाम होतो. म्हणून जुना रंग पाणी मारून, ओला ठेवूनच घासायला लावा. मुलं आणि गरोदर सून-मुलगी त्या दिवशी दुसऱ्या घरी. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नवा डबा घेताना त्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख आहे का ते वाचा. पेंटर हसला, पण त्याने पाणी मारलं.

सगळा कथ्थई दीड लिटरऐवजी चार लिटर लागला, वर ऑइलपेंट वेगळा. अम्मींनी हिशेबाच्या वहीत तो दुल्हनच्या खात्यात न लिहिता घराच्या खात्यात लिहिला.

बैठकीची ती भिंत आता खालून खरवडून ठेवली आहे, कूलर दुसऱ्या खिडकीत गेलाय, आणि येत्या रमजानच्या आधी तिला पुन्हा रंग लागेल. डब्यात तळाशी थोडा रंग उरला होता. वहिनीने परवा त्याने वुजूच्या नळाखालच्या ओट्याची कड रंगवली, तिला कोणी सांगितलं नव्हतं.